होकार आणि हुंकार : आदिवासी समाजांतील हृदयरोग-संशोधनाची भाषिक चिकित्सा

वैद्यकीय संशोधनाच्या परिभाषेत 'सहभाग' या शब्दाने गेल्या काही दशकांत मोठे मानाचे स्थान मिळविले आहे. पूर्वी ज्याला 'प्रयुक्त' म्हणत तो आता 'सहभागी' झाला आहे. ज्या वस्तीला 'सर्वेक्षणाचे क्षेत्र' म्हणत ती आता 'भागीदार समाज' झाली आहे. हा बदल स्वागतार्ह आहे यात शंका नाही. परंतु नाम बदलल्याने वाक्याचा कर्ता बदलतोच असे नाही. 'संशोधकांनी समाजाला सहभागी करून घेतले' हे वाक्य पाहावे. त्यात सहभागाचा उच्चार आहे. तथापि कर्ता संशोधकच आहे. शिवाय मराठीत 'करून देणे' आणि 'करून घेणे' या संयुक्त क्रियापदांत जो भेद आहे, त्यानुसार या क्रियेचे फळही कर्त्याच्याच पदरी पडते. व्याकरणाने सांगितलेली ही गोष्ट व्यवहारात कितपत खरी ठरते, हा प्रस्तुत चिकित्सेचा विषय होय.

या चिकित्सेसाठी हृदयरोगाचे क्षेत्र निवडण्यास सबळ कारण आहे. साथीच्या रोगाचे संशोधन काही महिन्यांत आटोपू शकते. हृदयरोगाचे संशोधन वर्षानुवर्षे चालते. निरोगी माणसांची आज नोंद करावयाची, त्यांचे रक्त तपासावयाचे, आणि पुढे त्यांच्यापैकी कोण आजारी पडले व कोण दगावले हे दशकानुदशके पाहत राहावयाचे, अशी त्याची रीत आहे. अर्थात येथे एकदा घेतलेला होकार पुरत नाही. संबंध टिकवावा लागतो, आणि संबंध टिकतो तो मुख्यतः भाषेच्या आधारे.

१

या प्रकारच्या संशोधनाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील 'स्ट्राँग हार्ट स्टडी' हा प्रकल्प. तेथील राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेच्या अर्थसाहाय्याने तो १९८८ साली सुरू झाला. अ‍ॅरिझोना, ओक्लाहोमा आणि उत्तर व दक्षिण डकोटा या प्रदेशांतील तेरा मूळ रहिवासी जमाती त्यात सामील झाल्या. ४५ ते ७४ वर्षे वयाच्या ४,५४९ स्त्री-पुरुषांची पहिली तपासणी १९८९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत झाली. तत्पूर्वी या जमातींत हृदयविकार तुरळक असतो अशी समजूत वैद्यकवर्गात रूढ होती. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी ती खोटी ठरविली. इतर अमेरिकन लोकसमूहांच्या समकालीन अभ्यासात जे प्रमाण आढळले होते, त्याच्या जवळजवळ दुप्पट प्रमाण या जमातींत आढळले. आणि त्याच्या मुळाशी मधुमेहाचा वाटा सर्वांत मोठा होता.

या निष्कर्षाचे शास्त्रीय मोल निर्विवाद आहे. परंतु येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. या प्रकल्पाने जमातींच्या शासनसंस्थांची संमती आधी घेतली, आणि प्रसिद्धीस पाठवावयाचा निबंध जमातींच्या बाजूने तपासला जाईल अशी व्यवस्था केली. म्हणजे व्यक्तीच्या होकाराबरोबर समाजाचा होकारही आवश्यक मानला, आणि तो केवळ आरंभी न घेता पुढील प्रत्येक टप्प्यावर मागितला. यात औदार्याचा भाग किती आणि जमातींच्या राजकीय अधिकाराचा भाग किती, हे वेगळे करणे कठीण आहे. अमेरिकेतील मान्यताप्राप्त जमातींना स्वशासनाचा कायदेशीर हक्क आहे. त्यांच्या भूमीवर त्यांना डावलून संशोधन करणे सोपे नाही. सहभागाची चर्चा करताना हा अधिकार विसरला, तर सहभाग हा संशोधकाच्या सौजन्याचा विषय होऊन बसतो.

२

होकार म्हणजे काय, हा प्रश्न वरवर पाहता सरळ वाटतो. त्यातील गुंतागुंत त्याच अ‍ॅरिझोना राज्यात घडलेल्या दुसऱ्या एका प्रकरणाने दाखवून दिली. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहणाऱ्या हवासुपाई जमातीत मधुमेहाचे प्रमाण फार वाढले होते. १९९० पासून अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी या जमातीतील लोकांच्या रक्ताचे नमुने घेतले. लोकांची समजूत अशी की, हे रक्त मधुमेहाच्या अभ्यासासाठी दिले आहे. संमतिपत्रातील शब्द मात्र त्याहून व्यापक होते. वर्तनविषयक आणि वैद्यकीय विकारांच्या कारणांचा अभ्यास, अशा आशयाची मोघम शब्दयोजना त्यात होती. पुढे त्याच रक्तावरून स्किझोफ्रेनिया, आप्तसंबंधांतील विवाह आणि जमातीचे प्राचीन स्थलांतर यांविषयीचे अभ्यास झाले. २००३ साली ही गोष्ट जमातीला समजली. आपण या दरीतलेच, ही ज्यांची परंपरागत श्रद्धा, त्यांच्याच रक्तावरून त्यांचे पूर्वज दुसऱ्या खंडातून आल्याचे प्रतिपादन केले जावे, याचा आघात त्यांना रोगाच्या आघाताहून कमी वाटला नाही. प्रकरण न्यायालयात गेले. २०१० साली तडजोड होऊन ४१ सभासदांना एकूण सात लक्ष डॉलर देण्याचे ठरले आणि उरलेले नमुने जमातीला परत मिळाले.

या प्रकरणाची चर्चा बहुधा नीतिशास्त्राच्या अंगाने होते. परंतु त्याचा उगम अर्थविज्ञानाचा आहे. एकाच कागदावर दोन अर्थ होते. एक अर्थ बोलण्यातून पोचलेला, 'साखरेच्या आजारासाठी रक्त द्या' एवढाच. दुसरा अर्थ छापलेला, ज्याच्या परिघात पुष्कळ काही सामावू शकत होते. जमातीतील अनेकांची इंग्रजी ही दुसरी भाषा होती. लिखित अर्थ हाच अधिकृत, असे गृहीत धरले की मौखिक परंपरेत वाढलेल्या माणसाचा होकार त्याच्या नकळत त्याच्या हातून निसटतो.

आणखी एक सूक्ष्म अडचण संभाषणाच्या रीतीत आहे. ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या इंग्रजीचा अभ्यास करणाऱ्या डायना ईड्स यांनी न्यायालये व पोलीसचौकशी यांच्या संदर्भात एका प्रवृत्तीकडे लक्ष वेधले आहे. अधिकारी माणसाने प्रश्नांची सरबत्ती केली असता, प्रश्न समजला असो वा नसो, पटला असो वा नसो, 'होय' म्हणत जाण्याची ही रीत आहे. ती लबाडी नव्हे. विषम संबंधात भांडण टाळण्याचा तो एक सभ्य मार्ग आहे. शिवाय या समाजांत माहिती मिळविण्यासाठी थेट प्रश्न विचारणे फारसे शिष्टसंमत नसते. आणि उत्तरापूर्वीचे मौन हे अज्ञानाचे नव्हे, तर विचाराचे लक्षण मानले जाते.

मराठी भाषकाला हे समजण्यास दूर जावे लागत नाही. आजी गोष्ट सांगत असता नातवाने 'हूं' म्हणत राहावयाचे असते. हा हुंकार आहे, होकार नव्हे. 'मी ऐकत आहे, पुढे सांगा' एवढाच त्याचा अर्थ. गोष्टीतील राक्षसाला नातवाने मान्यता दिली असा त्याचा अर्थ कोणी करीत नाही. संमतिपत्र वाचून दाखविणाऱ्या परिचारिकेसमोर बसलेला रुग्ण पुष्कळदा हाच हुंकार देत असतो. आणि कागदावर नोंद होते ती होकाराची. जी संशोधनपद्धती या दोहोंत भेद करू शकत नाही, तिच्या संमतिपत्रांच्या गठ्ठ्याला शास्त्रीय पुरावा म्हणून कितपत किंमत द्यावी, हा प्रश्न उरतोच.

३

होकारानंतर प्रश्नावली येते. हृदयरोगाच्या सर्वेक्षणांत जगभर वापरली गेलेली एक प्रश्नावली जेफ्री रोझ यांनी १९६२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत मांडली. छातीत वेदना किंवा अस्वस्थता जाणवते काय, चढ चढताना वा घाईने चालताना ती येते काय, थांबल्यावर ती दहा मिनिटांच्या आत जाते काय, असा तिचा क्रम आहे. क्षेत्रकार्यासाठी ती अत्यंत सुटसुटीत आहे, आणि तिने मोठे काम केले आहे. परंतु तिचा सारा डोलारा 'वेदना' आणि 'अस्वस्थता' या दोन शब्दांवर उभा आहे. आणि नेमके हेच शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत अखंड जात नाहीत.

मराठीचेच उदाहरण घ्यावे. 'छातीत दुखते का?' या प्रश्नाला 'नाही' असे प्रामाणिक उत्तर देणारा माणूस थोड्या वेळाने 'पण छातीवर दडपण येते', 'आवळल्यासारखे होते' किंवा 'जीव घाबरा होतो' असे सांगतो. त्याच्या भाषेत हे 'दुखणे' नव्हे. 'छाती भरली' म्हटले तर श्रोत्याच्या मनात कफ येतो. 'ऊर भरून आला' म्हटले तर भावना येते. 'काळीज' हा शब्द हृदयालाही चालतो आणि यकृतालाही. 'हृदय' हा शब्द पाठ्यपुस्तकातला. दुखऱ्या जागेवर हात ठेवून तो उच्चारणारा माणूस विरळा. प्रश्नावलीत 'दुखणे' हा एकच पर्याय ठेवला, तर त्या गावात हृदयशूल कमी आहे असा निष्कर्ष निघेल. तो निष्कर्ष रोगाविषयी नसेल. तो भाषांतराविषयी असेल.

हीच मराठी प्रश्नावली मेळघाटात नेली की अडचण दुणावते. कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुलातील मुंडा शाखेची भाषा. गडचिरोलीतील गोंडी व माडिया या द्राविडी कुलातल्या. मराठीशी त्यांचे शेजार जुने असले तरी शरीराचे नकाशे वेगळे असू शकतात. तेथे मराठी प्रश्नावली नेणारा संशोधक आणि हवासुपाईंकडे इंग्रजी संमतिपत्र नेणारा संशोधक यांच्यांत तत्त्वतः फरक नाही. येथे भाषांतरकार नेमणे हा उपाय सुचतो, आणि तो आवश्यकही आहे. परंतु भाषांतर हे तयार प्रश्नाचे होते. प्रश्न तयार होण्यापूर्वी, 'या त्रासाला तुमच्याकडे काय म्हणतात, तो कशाने होतो, त्यावर कोण उपचार करते' हे ऐकून घेणे ही वेगळी क्रिया आहे. पहिल्या क्रियेत समाज उत्तर देतो. दुसऱ्या क्रियेत तो प्रश्न घडवितो. सहभागाची खरी सीमारेषा या दोन क्रियांच्या मधून जाते.

४

प्रश्नानंतर निष्कर्षाची भाषा. येथेही व्याकरण बोलके असते. ऑस्ट्रेलियातील आदिवासी वस्त्यांत संधिवातज्वरामुळे होणाऱ्या हृदयविकाराचे प्रमाण जगातील अत्युच्च प्रमाणांपैकी एक आहे. ज्वर पुन्हा येऊ नये म्हणून रुग्णाला साधारण चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. इंजेक्शन चुकले की दप्तरात नोंद होत असे, 'रुग्णाने आज्ञापालन केले नाही.' या वाक्याचा कर्ता रुग्ण. दवाखाना किती दूर होता, परिचारिका त्या महिन्यात बदलली होती काय, सुई किती दुखते, एका खोलीत किती माणसे झोपतात, यांपैकी कशालाही या वाक्यात कर्त्याचे स्थान नाही. २००१ साली किम हम्फ्री आणि तरुण वीरमंत्री यांनी आदिवासी आरोग्यावरील आपल्या पुस्तकाच्या नावातच आज्ञापालनाची ही कल्पना विसरून जाण्याचे सुचविले होते. पुढे 'आज्ञापालना'ची जागा 'उपचारनिष्ठा' या सौम्य शब्दाने घेतली. परंतु निष्ठा चुकली तरी चुकणारा रुग्णच राहिला. शब्द मवाळ झाला. वाक्यरचना तशीच राहिली.

याउलट वाक्यरचना बदलली म्हणजे काय होते, याचे उदाहरण पुन्हा स्ट्राँग हार्ट प्रकल्पातच सापडते. प्रारंभी साठविलेल्या लघवीच्या नमुन्यांवरून २०१३ साली असे दाखविण्यात आले की, शरीरात गेलेल्या आर्सेनिकचे प्रमाण अल्प किंवा मध्यम असले तरी हृदयविकाराशी व त्यातून येणाऱ्या मृत्यूशी त्याचा संबंध दिसतो. हे आर्सेनिक मुख्यतः भूगर्भातील पाण्यातून येते. तोवर लठ्ठपणा, धूम्रपान, आहार या घटकांच्या चर्चेत कर्ता नेहमी व्यक्ती असे. ती खाते, ती ओढते, ती चालत नाही. आता कर्तृपदी विहीर आली. त्यातून उत्तर व दक्षिण डकोटातील खासगी विहिरींवर अवलंबून असणाऱ्या घरांत आर्सेनिक गाळणारी यंत्रे बसवून परिणाम पाहण्याचा प्रयोग जमातींच्या सहकार्याने हाती घेण्यात आला. ज्या संशोधनाने आधी माणसांची तपासणी केली, त्याने नंतर त्यांच्या पाण्याची दुरुस्ती केली. सहभागाचे फळ म्हणतात ते हे. अहवालाची प्रत वाटणे त्याहून फार लहान गोष्ट आहे.

५

येथवर 'समाज' हा शब्द एकसंध असल्याप्रमाणे वापरला. त्याचीही चिकित्सा केली पाहिजे. समाज आणि रुग्ण एक नव्हेत. जमातीच्या परिषदेने दिलेला होकार हा खाटेवर पडलेल्या वृद्धेचा होकार नव्हे. आणि परिषदेतील वक्त्याचे दुःख हे तिचे दुःख नव्हे. सहभागाच्या उत्साही समर्थकांकडून या भेदाकडे वारंवार दुर्लक्ष होते. समाजाचे प्रतिनिधी मिळाले की रुग्णही मिळाले, असे ते धरून चालतात.

रुग्णाच्या पातळीवर काय घडते, हे दाखविणारा एक अभ्यास २००२ साली ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अ‍ॅलन कॅस, अ‍ॅन लोवेल आणि त्यांचे सहकारी यांनी डार्विन येथील डायलिसिस केंद्रात योल्ङू रुग्ण व कर्मचारी यांच्या भेटींचे चित्रीकरण करून, दोन्ही बाजूंना नंतर काय समजले ते विचारले. विकार मूत्रपिंडाचा असला तरी मधुमेह, मूत्रपिंड आणि हृदय यांची साखळी वैद्यकशास्त्राला परिचित आहे. निष्कर्ष असा की, महत्त्वाच्या संकल्पनांविषयी दोन्ही बाजूंचे एकमत क्वचितच झाले होते. आणि त्याहून गंभीर म्हणजे, गैरसमज झाला आहे हे पुष्कळदा कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. या स्थितीची कारणे सांगताना लेखकांनी केवळ भाषाभेदावर बोट ठेवले नाही. कोणत्या भाषेत, केव्हा, कोठे आणि कशाविषयी बोलावयाचे, यांतील एकही गोष्ट रुग्णाच्या हाती नव्हती, असे त्यांना आढळले. प्रशिक्षित दुभाषा हा आवश्यक पण अपुरा उपाय होय, असेही त्यांनी म्हटले.

हा अभ्यास भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचावा अशा योग्यतेचा आहे. कारण येथे भाषाशास्त्रीय पद्धती रोग्याच्या हिताला जुंपली गेली आहे. संभाषण नोंदवावे, दोन्ही बाजूंना ते दाखवावे आणि अर्थ कोठे दुभंगला ते पाहावे, या साध्या कृतीने जे उघड झाले, ते समाधान-पाहणीच्या शेकडो तक्त्यांनी झाले नसते. कारण त्या तक्त्यांतही हुंकारच भरला जातो.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. समाजाला प्रश्न बदलण्याचा आणि निबंध अडविण्याचा अधिकार दिला, तर शास्त्राच्या स्वायत्ततेचे काय? अप्रिय निष्कर्ष दडपले जाणार नाहीत काय? नमुना मध्येच तुटला तर दशकांचे कष्ट वाया जाणार नाहीत काय?

स्ट्राँग हार्ट प्रकल्पात हा प्रसंग प्रत्यक्ष आला. सहभागी समुदायांपैकी एकाने पुढे आपली संमती मागे घेतली. त्यानंतरच्या निबंधांत त्या समुदायाची माहिती वगळण्यात आली, आणि मूळच्या ४,५४९ च्या जागी ३,५१६ व्यक्तींची माहिती उरली. एक हजारांहून अधिक माणसांची नोंद हातची जाणे ही संख्याशास्त्राच्या दृष्टीने मोठी हानी आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या होकारामागे नकाराची शक्यता नसते, तो होकार अर्थशून्य असतो. भाषेत प्रत्येक चिन्हाला अर्थ येतो तो दुसऱ्या चिन्हाच्या शक्यतेमुळे. 'होय'ला अर्थ येतो 'नाही'मुळे. त्या समुदायाचा नकार मान्य झाला, म्हणूनच उरलेल्यांचा होकार हा खरा होकार होता, असे म्हणता येते. हवासुपाई प्रकरणात ही शक्यताच लोकांच्या हाती राहिली नव्हती, आणि त्याची किंमत शास्त्रालाही मोजावी लागली. त्या संशोधनावर कायमचा डाग पडला. सारांश, नकाराचा अधिकार काही माहिती गमावतो. त्याचा अभाव सर्वच माहितीचे प्रामाण्य गमावतो.

कॅनडातील फर्स्ट नेशन्स समाजांनी १९९८ पासून पुरस्कारिलेली स्वामित्व, नियंत्रण, प्रवेश व ताबा ही चतुःसूत्री, किंवा २०१९ साली आदिवासींच्या माहितीविषयी मांडली गेलेली सामूहिक हित व नियंत्रणाधिकाराची तत्त्वे, ही याच दिशेची पावले होत. त्यांची चिकित्साही व्हावी. पण ती 'लोकांना हे कळत नाही' या भूमिकेवरून होऊ नये.

७

महाराष्ट्राच्या संदर्भात या चर्चेचा उपयोग करताना एक सावधगिरी आवश्यक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आदिवासींवरील संशोधनासाठी सक्षम प्रशासकीय अधिकाऱ्याची परवानगी आणि समाजमान्य नेतृत्वाची अनुमती, यांचा विचार केलेला आहे. हे संरक्षण मोलाचे आहे. परंतु जिल्हाधिकाऱ्याची परवानगी ही राज्यसंस्थेची परवानगी होय; ती कोरकू गावाचा होकार नव्हे. अमेरिकेतील जमातीला जो निबंध तपासण्याचा आणि माहिती परत मागण्याचा अधिकार व्यवहारात लाभला, त्याच्या तोडीची व्यवस्था केवळ परवानगीपत्राने उभी राहत नाही. म्हणून परदेशी प्रकल्पांची परिभाषा उचलून 'सहभागी संशोधन' असे शीर्षक देणे सोपे असले, तरी तो सहभाग कोणत्या अधिकारावर उभा आहे हे विचारल्याखेरीज शीर्षकावर विश्वास ठेवता येत नाही.

तो पारखण्याच्या कसोट्या भाषेनेच पुरविल्या आहेत. लोकांच्या बोलण्याने प्रश्नावलीतील एखादा तरी प्रश्न बदलला काय? निष्कर्षाच्या वाक्यांत रुग्णाखेरीज दुसरा कोणी कर्ता होऊ शकला काय? कोणी 'नाही' म्हटले काय, आणि म्हटले असता ते पाळले गेले काय? आणि परिषदेच्या होकारापलीकडे रुग्णाला काय समजले, हे त्याच्याच शब्दांत कोणी नोंदविले काय? ज्या अहवालात या चारही प्रश्नांची उत्तरे सापडत नाहीत, त्यात सहभागींची संख्या कितीही मोठी असो, नोंद झाली आहे ती हुंकाराची.